१००० यार्डांसाठी पहिली रायफल: कोणतं कॅलिबर घ्यावं?

वाटसरू_ॲरिझोना
नमस्कार मंडळी. एफ-क्लासमध्ये (पालथं झोपून, रायफल टेकूवर ठेवून लांब पल्ल्यावर मारायची स्पर्धा) १००० यार्डांवर उतरायचं ठरवलं आहे. ६०० यार्डांपर्यंत .२२३ वर हात बसला आहे, आता नवी रायफल बांधून घ्यायची आहे. डोक्यात तीन नावं आहेत: .३०८ विंचेस्टर, ६.५ क्रीडमूर आणि .३०० विनमॅग (विंचेस्टर मॅग्नम). वर्षाला साधारण १२ स्पर्धा, प्रत्येकीत २० गोळ्यांच्या तीन फेऱ्या, शिवाय सरावाला ६०० गोळ्या. काडतुसं घरीच भरणार. शिकारीला वापरायची नाही, फक्त कागदी टार्गेट. यातलं काय घ्यावं, आणि का?

नळीकर
कॅलिबरच्या आधी वर्ग ठरवा, म्हणजे निम्मा प्रश्न सुटतो. एफ-टीआरमध्ये फक्त .३०८ विंचेस्टर किंवा .२२३ रेमिंग्टन चालतं. पुढे बायपॉड (दोन पायांचा टेकू), मागे वाळूची पिशवी, आणि स्कोप-बायपॉड धरून वजन ८.२५ किलोच्या आत. एफ-ओपनमध्ये पुढे रेस्ट (जमिनीवर ठेवायचा जड टेकू) चालतो, वजन १० किलोपर्यंत आणि कॅलिबर जवळपास मोकळं. आंतरराष्ट्रीय नियमांत त्याला ८ मिमीची मर्यादा आहे.

म्हणजे ६.५ क्रीडमूर घेतलं की तुम्ही आपोआप एफ-ओपनमध्ये जाता आणि तिथे तुमच्या शेजारी .२८४ विंचेस्टरवाले १८० ग्रेनच्या (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) गोळ्या घेऊन बसलेले असतात. क्रीडमूर वाईट नाही, पण त्या रांगेत ते हलकं पडतं. उलट एफ-टीआरमध्ये सगळ्यांच्या हातात तीच दोन काडतुसं. तिथे फरक पडतो तो वारा वाचण्याचा आणि काडतूस भरण्याचा.

त्यामुळे उलटा प्रश्न: बायपॉडवर मारायचं आहे की रेस्टवर?

वाटसरू_ॲरिझोना
बायपॉड. रेस्टचं ओझं आणि खर्च दोन्ही सध्या नको. पण .३०८ वाऱ्यात फार वाहवतं असं सगळीकडे ऐकतो, म्हणून मन क्रीडमूरकडे ओढतं.

मृगजळ
"वाहवतं" म्हणजे नक्की किती आणि का, हे एकदा कागदावर मांडून बघा. तेवढं कळलं की कॅलिबरच्या निम्म्या वादांना अर्थ उरत नाही.

पुष्कळांना वाटतं की गोळी जितका वेळ हवेत, तितका वेळ वारा तिला ढकलतो. तसं नसतं. वारा गोळीला ढकलतो तो तिच्या *उशिराच्या* प्रमाणात. हवा नसती तर गोळी जितक्या वेळात पोचली असती आणि प्रत्यक्षात जितक्या वेळात पोचते, त्या दोन वेळांमधला फरक म्हणजे उशीर. तो उशीर गुणिले आडव्या वाऱ्याचा वेग, म्हणजे तुमचं वाहून जाणं.

६.५ क्रीडमूर, १४० ग्रेनची ईएलडी-मॅच, २७१० फूट प्रति सेकंद. ३००० फुटांना हवेशिवाय १.१०७ सेकंद लागले असते. समुद्रसपाटीच्या हवेत लागतात साधारण १.५३. उशीर ०.४२ सेकंद. ताशी १० मैलांचा आडवा वारा म्हणजे सेकंदाला १४.६७ फूट. गुणाकार केला की सव्वासहा फुटांच्या आसपास, म्हणजे ७४ इंच.

आता .३०८, १७५ ग्रेनची मॅचकिंग, २६०० फूट. हवेशिवाय १.१५४, प्रत्यक्षात १.७६ च्या आसपास. उशीर ०.६ सेकंद. वाहून जाणं साधारण १०७ इंच.

तुम्ही ऐकलं ते खरं आहे, पण ते *१७५ ग्रेनच्या* .३०८ बद्दल. आजच्या एफ-टीआरमध्ये ३० इंची नळीतून बर्गरची २०० ग्रेनची २००.२०एक्स साधारण २६५० फुटांनी जाते. तिचा जी-७ बीसी (हवा कापत जाण्याच्या क्षमतेचा आकडा) ०.३२८ आहे, आणि क्रीडमूरच्या त्या १४० ग्रेनचा ०.३२६. बीसी सारखाच, वेग थोडा कमी. वाहून जाणं ७७ इंचांच्या पुढेमागे येतं. म्हणजे जड गोळीचं .३०८ वाऱ्यात क्रीडमूरच्या तीन-चार इंचच मागे राहतं.

याच हिशेबाने बाकीची, १००० यार्ड, ताशी १० मैल पूर्ण आडवा वारा:
.२८४ विंचेस्टर, १८० ग्रेन, २८३० फूट: साधारण ६५ इंच
६ डॅशर, १०५ ग्रेन, २९५० फूट: साधारण ७७ इंच
.२२३, ९० ग्रेन, २८५० फूट: साधारण ८१ इंच

आता हेच टार्गेटवर उतरवा. एफ-क्लासच्या १००० यार्ड टार्गेटवर एक्स (अगदी मधलं वर्तुळ) ५ इंचांचा आणि दहाचं वर्तुळ १० इंचांचं. मधोमध नेम धरलात तर दहामध्ये राहायला दोन्ही बाजूंना ५-५ इंच मिळतात. १७५ ग्रेनच्या .३०८ ला वारा ताशी अर्धा मैल चुकला की दहा गेला. क्रीडमूर, डॅशर आणि २०० ग्रेनचं .३०८ साधारण ०.६५ ते ०.६८ मैल माफ करतात. .२८४ पाऊण मैल. सगळ्यात चांगल्या आणि सगळ्यात वाईट काडतुसातला फरक पाव मैल वाऱ्याचा आहे. पण झेंडे आणि मृगजळ (तापलेल्या हवेची स्कोपमधून दिसणारी लहर) नीट न वाचणारा शूटर एका फेरीत दोन-तीन मैलांनी चुकतो, आणि ती चूक कुठलंच कॅलिबर भरून काढत नाही.

(समुद्रसपाटीचे आकडे आहेत. न्यू मेक्सिकोतल्या रेटनसारख्या उंच रेंजवर हवा विरळ, म्हणून सगळेच आकडे कमी होतात. क्रम मात्र तोच राहतो.)

ग्रेन_मोजणारी
मृगजळ यांच्या पोस्टला एक जोड. .३०८ घेणारे नवीन लोक दुकानातून १६८ ग्रेनची मॅचकिंग उचलतात, कारण तिचं नाव मोठं आहे. ती मुळात ३०० मीटरच्या स्पर्धेसाठी घडवलेली गोळी. तिच्या शेपटीचा उतार १३ अंशांचा, फार उभा. ६०० यार्डांपर्यंत सुंदर चालते. पुढे आवाजाच्या वेगाजवळ आली की डगमगते आणि १००० यार्डांवर टार्गेटमध्ये आडवी घुसते. कागदावर गोल भोकाऐवजी किल्लीच्या भोकासारखी लांबट फट दिसली तर समजा, तेच झालं. नळीचा किंवा तुमचा दोष नसतो. १५५ ची पाल्मा गोळी, १७५ किंवा १८५ च्या पुढच्या गोळ्या वापरा.

बोल्ट_उघडा
.३०० विनमॅगबद्दल कुणी बोललं नाही अजून. १००० यार्डांवर ते राजा आहे की नाही? आणि .३३८ लापुआ?

नळीकर
वाऱ्यात .३०० विनमॅग उत्तम, वाद नाही. पण एफ-क्लासमध्ये मझल ब्रेक (नळीच्या तोंडाला लावायचा, धक्का कमी करणारा भाग) लावता येत नाही, घोडं तिथे अडतं. १० किलोच्या रायफलीत मोकळ्या धक्क्याची ऊर्जा काढली तर क्रीडमूर साधारण ४ फूट-पौंड, २०० ग्रेनचं .३०८ साधारण ७, आणि २१५ ग्रेनचं .३०० विनमॅग साडेअकराच्या पुढे. तीन फेऱ्यांत साइटर (गुणांत न धरलेल्या, अंदाज घ्यायच्या गोळ्या) धरून सत्तर वेळा तो धक्का खायचा, आणि प्रत्येक वेळी रायफल मागच्या पिशवीवर त्याच जागी, त्याच रेषेत परत यायला हवी. चाळीस-पन्नास गोळ्यांनंतर खांदा नकळत आधीच ताठ होतो, आणि मग वर-खाली पसारा वाढत जातो.

.३३८ म्हणजे ८.६ मिमी, आंतरराष्ट्रीय नियमांच्या ८ मिमीच्या बाहेर. शिवाय कित्येक रेंज इतक्या ऊर्जेचं काडतूस चालवूच देत नाहीत. ते मैल-दीड मैल मारणाऱ्यांचं काडतूस आहे, १००० यार्डांच्या कागदाचं नव्हे.

आता खरा खर्च, म्हणजे नळी. सगळे गोळीचा भाव बघतात, पण नळी ही सुद्धा झिजून संपणारी वस्तू आहे, गाडीच्या टायरसारखी. नळी का संपते? चेंबरच्या तोंडाशी, जिथे चरे (गोळीला फिरवणाऱ्या नळीतल्या खाचा) सुरू होतात तिथलं पोलाद दर वेळी जळत्या वायूने भाजतं. भोक जितकं लहान आणि त्यातून जाणारी दारू जितकी जास्त, तितकं भाजणं जास्त. म्हणून दारूचं वजन भागिले भोकाचं क्षेत्रफळ काढा, .३०८ ला १ धरा आणि बाकीच्यांची तुलना करा:

.२२३ – १.०७
६ डॅशर – १.२
६.५ क्रीडमूर – १.३
.२८४ विंचेस्टर – १.४५
६ मिमी क्रीडमूर – १.५
६.५-२८४ – १.५५
.३०० विनमॅग – १.६५

(हिशेबाला धरलेलं दारूचं वजन ढोबळ आहे. हे आकडे भरायला वापरू नका, भरण्यासाठी दारू आणि गोळी बनवणाऱ्यांची छापील पुस्तिकाच.)

स्पर्धेच्या दर्जाचं आयुष्य याच क्रमाने येतं. .३०८ जड गोळीसह ३००० ते ४०००, ६.५ क्रीडमूर २००० ते २५००, .२८४ साधारण १२०० ते १८००, ६.५-२८४ तर ८०० ते १२००. तुमच्या १२ स्पर्धा गुणिले ७० म्हणजे ८४०, अधिक सराव ६००, वर्षाला १४४०. .३०८ ची नळी दोन-अडीच वर्षं, क्रीडमूरची दीड वर्ष, .२८४ ची जेमतेम एक वर्ष, आणि ६.५-२८४ ची हंगाम संपायच्या आत. नव्या नळीला बंदूक-कारागिराकडे रांग असते, तीही धरा. ऐन मोसमात नळी गेली की वर्ष गेलं.

मृगजळ
+१. त्यात एक भर: इलेक्ट्रॉनिक टार्गेट आल्यापासून नळ्या लवकर मरायला लागल्या आहेत. टार्गेटखालच्या खड्ड्यातली माणसं टार्गेट ओढून, भोकात चकती लावून परत वर करतात तिथे दोन गोळ्यांमध्ये आपोआप वेळ जातो आणि नळी थोडी निवते. इलेक्ट्रॉनिकवर आकडा लगेच पडद्यावर येतो, आणि वारा स्थिर आहे म्हणून लोक वीस गोळ्या पाच-सहा मिनिटांत मोकळ्या करतात. तापलेल्या पोलादावर तोच वायू जास्त नुकसान करतो. क्रीडमूरला २५०० चा आकडा सांगतात, पण या सवयीने १८०० वरही हात टेकलेले दिसतात.

वाटसरू_ॲरिझोना
हिशेब पटला. मन .३०८ एफ-टीआरकडे वळतंय. नळी संपत आली हे ओळखायचं कसं? आणि ट्विस्ट (चऱ्यांचा पीळ) किती, नळी किती लांब, स्कोपचं काय?

नळीकर
संपत आल्याची खूण आधी मोजण्यात दिसते, टार्गेटवर नंतर. नवी नळी असताना तुमची गोळी चऱ्यांना जिथे टेकते ते माप कंपॅरेटरने (लांबी मोजायच्या उपकरणाने) घेऊन वहीत लिहा. दर २०० गोळ्यांनी तेच माप परत घ्या. ते माप पुढे पुढे सरकतं. सरकणं एकसारखं असेल तर चिंता नाही, गोळी तेवढी पुढे बसवत चला. एकदम वेगाने सरकायला लागलं आणि वेगातला फरक वाढायला लागला की नवी नळी मागवा. बोअरस्कोप घालून बघितलंत तर थ्रोटमध्ये (चरे सुरू होतात तिथे) मगरीच्या पाठीसारखं भेगाळलेलं पोलाद दिसतं. नुसत्या भेगा बघून घाबरू नका, त्या ५०० गोळ्यांतही येतात. चऱ्यांच्या कडा गोल होऊन सपाट झालेल्या दिसल्या की मात्र खेळ संपत आला.

ट्विस्ट गोळीच्या *लांबीवर* ठरतो, वजनावर नाही. लोक वजन बघतात कारण जड गोळी साधारण लांब असते, पण तांब्याची घन गोळी त्याच वजनात जास्त लांब होते आणि तिला जास्त ट्विस्ट लागतो. .३०८ ला १५५ साठी १:१३ (१३ इंचांत एक फेरा) पुरतं, १७५ ला १:१२ कसंबसं, २०० ग्रेनसाठी १:१० घ्या. .२२३ मध्ये ९० ग्रेनसाठी १:७ किंवा त्याहून जलद. ६.५ ला १:८. मिलरच्या सूत्राने स्थैर्याचा आकडा १.५ च्या वर ठेवा. हे गणित *थंड, समुद्रसपाटीच्या* हवेसाठी करा. दाट हवेत गोळी डळमळायला जास्त तयार असते. ॲरिझोनाच्या उन्हाळ्यात जेमतेम स्थिर असलेली गोळी थंड दिवशी ओहायोतल्या कॅम्प पेरी रेंजवर नेलीत तर बीसी गमावते.

नळी ३० इंच. एफ-टीआरला वजनात बसायला हवी, म्हणून स्टॉक आणि बायपॉड आधी ठरवा, नळीची जाडी शेवटी. उलट क्रमाने केलंत तर वजनाच्या काट्यावर ८.४ दिसतं आणि मग धावपळ.

मृगजळ
स्कोपचं गणित सोपं आहे, पण रेंजवर पोचल्यावर कळतं की चुकलं. १०० यार्डांवर शून्य धरून १७५ ग्रेनच्या .३०८ ला १००० यार्डांवर साधारण ११.८ मिल वर चढावं लागतं, म्हणजे ४० एमओए (दोन्ही कोनाची मापं, १००० यार्डांवर एक एमओए म्हणजे साधारण साडेदहा इंच). क्रीडमूरला ८.६ मिल, ३० एमओएच्या आसपास. २०० ग्रेनचं .३०८ या दोघांच्या मध्ये.

समजा स्कोपचा एकूण उभा प्रवास ६० एमओए. सपाट बेसवर (स्कोप बसवायच्या पट्टीवर) बसवला की वर चढायला त्यातले ३० च मिळतात. .३०८ तिथेच अडकलं. २० एमओए उताराचा बेस लावा, ५० मिळतात, काम झालं. आणि टोकाला जाऊ नका. प्रवासाच्या अगदी काठावर स्कोपचे डावे-उजवे क्लिक कमी पडतात, आणि वाऱ्यासाठी तेच तर हवे असतात.

टॉल टार्गेट टेस्ट करा: १०० यार्डांवर एक उभी रेषा ओळंब्याने आखा, ३० एमओए वर चढवा, मारा. गोळ्या रेषेवरून बाजूला सरकल्या तर स्कोप तिरका बसला आहे. एक अंश तिरकेपण असेल तर ३० एमओए चढवताना अर्धा एमओए आडवं जातं. १००० यार्डांवर ते पाच इंच. दहाचा काठच.

ग्रेन_मोजणारी
भरण्याबद्दल. .३०८ एफ-टीआरमध्ये वारा सगळ्यांना सारखाच, म्हणून उभा पसारा हा तुमच्या हातातला भाग. २७०० फुटांच्या आसपास वेगातला १० फुटांचा फरक १००० यार्डांवर साधारण अडीच इंच वर-खाली करतो. वीस गोळ्यांत सगळ्यात जलद आणि सगळ्यात हळू यांत २० फुटांचा फरक असला तरी पाच इंच गेले, म्हणजे पूर्ण एक्स. पाच गोळ्यांवर वेगाचा फरक मोजून खूश होऊ नका, पाच गोळ्या खोटं बोलतात. वीस मारा, मग आकडा लिहा.

१. ब्रास (काडतुसाचा पितळी कोष) एकाच लॉटचं, एकाच वेळी घेतलेलं, आणि एकत्रच वापरलेलं. ५ वेळा मारलेलं आणि नवं मिसळलं की मान पकडण्याची ताकद वेगळी होते.

२. कोषाचा खांदा दर वेळी फक्त ०.००१५ ते ०.००२ इंच मागे ढकला. जास्त ढकललात तर ब्रास लवकर तडकतं, तळाशी चकाकती गोल रेष दिसू लागते. ती दिसली की ते ब्रास फेका.

३. कोषाची मान साधारण ०.००२ इंचाने आवळलेली. दर तीन-चार वेळा ॲनील करा (मान तापवून मऊ करा), नाही तर गोळी बसवताना हाताला प्रत्येक वेळी वेगळा जोर जाणवेल. तो जोर जाणवणारी प्रेस असेल तर विचित्र लागणारी काडतुसं साइटरसाठी बाजूला काढा.

४. लहान टोपीचं (छोट्या प्रायमरचं) लापुआ ब्रास घेणार असाल तर नेहमीच्या डायची पिन (वापरलेली टोपी बाहेर ढकलणारी) वापरू नका. त्या ब्रासचं टोपीमागचं भोक १.५ मिमी असतं, नेहमीचं २ मिमी. जाड पिन तिथे अडकते, ब्रास डायमध्ये रुतून बसतं किंवा पिन वाकते, आणि दुसऱ्या दिवशी स्पर्धा असते. बारीक पिन वेगळी मिळते, आधीच घेऊन ठेवा. कडाक्याच्या थंडीत लहान टोपी कधी कधी उशिरा पेटते, फीनिक्सला ती चिंता नाही.

५. भरणं डिसेंबरात ठरवलं आणि जुलैत मारलं, ही ॲरिझोनाची खास चूक. चाळीस अंशांत तापलेल्या चेंबरमध्ये काडतूस एक मिनिट ठेवून वाऱ्याची वाट बघितली की दाब वाढतो. बोल्ट उचलायला जड लागला, ब्रासच्या तळावर इजेक्टरचा चकचकीत ठसा उमटला किंवा टोपी चपटी झाली, तर थांबा. उरलेली काडतुसं मारू नका. काडतूस वारा जमला की *मगच* चेंबरमध्ये घाला. डबा सावलीत, टॉवेलने झाकून.

बोल्ट_उघडा
मग क्रीडमूर कुणी घ्यावंच नाही का? एवढं लोकप्रिय उगाच झालं?

नळीकर
उगाच नाही. २००७ ला हॉर्नडीने आणलं तेव्हा त्यात एक गोष्ट नेमकी केली होती. त्याचा कोष १.९२० इंचांचा, .२६० रेमिंग्टनचा २.०३५. म्हणून लांब, टोकदार गोळी पुढे बसवूनही काडतूस आखूड ॲक्शनच्या मॅगझिनमध्ये मावतं. .२६० मध्ये तीच गोळी मॅगझिनमध्ये बसवायला कोषात खोल ढकलावी लागते आणि दारूची जागा जाते. शिवाय दुकानात तयार मॅच काडतुसं मिळतात, आणि नेमकी मारतात. नाव पडलंय न्यूयॉर्कजवळच्या क्रीडमूर रेंजवरून, जिथे १८७४ मध्ये अमेरिकन आणि आयरिश संघांचा तो प्रसिद्ध लांब पल्ल्याचा सामना झाला.

जो घरी भरत नाही, ज्याला एकच रायफल कागद आणि स्टील दोन्हींसाठी हवी, त्याने डोळे मिटून क्रीडमूर घ्यावं. पीआरएस (प्रिसिजन रायफल सिरीज) प्रकारात, जिथे अडथळ्यांवर रायफल टेकवून मारायचं आणि आपली गोळी कुठे लागली हे स्कोपमधून स्वतःच बघायचं, तिथे तर त्याहून हलकी ६ मिमीची काडतुसं जास्त चालतात, कारण धक्का कमी. तिथे .३० कॅलिबर आणि ३२०० फुटांची मर्यादा आहे, हे घेणाऱ्यांनी लक्षात ठेवावं. पण वाटसरूंना एफ-टीआर खेळायचं आहे, म्हणून त्यांच्यासाठी हा प्रश्नच नाही.

पन्हाळा_५०
कोल्हापूरहून विचारतोय. इथे १००० यार्डांची रेंज सामान्य माणसाला मिळणं शक्य नाही. पण वारा शिकायचा आहे. .३१५ घेऊन काही होईल का?

मृगजळ
.३१५ नको. ईशापूरच्या कारखान्याची ती रायफल ८×५० आर या जुन्या काडतुसावर बेतलेली, २४४ ग्रेनची बोथट मऊ टोकाची गोळी. .३०३ आणि ७.६२ लष्कराच्या दारूगोळ्याच्या बोअर म्हणून प्रतिबंधित आहेत, त्यातून .३१५ नागरिकांसाठी आली. बोथट गोळीला बीसी जवळजवळ नाहीच, आणि २०० यार्डांपुढे टार्गेटसाठी तिला अर्थ नाही.

तुमच्या हातात त्याहून चांगलं हत्यार आहे: .२२ एलआर. ५० मीटरवर ताशी १० मैलांचा आडवा वारा मॅच गोळीला साधारण इंचभर हलवतो. दहाचं वर्तुळ १०.४ मिमी. म्हणजे वारा ताशी दोन मैल चुकला की ५ मिमी, दहाच्या काठावर. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनचं जागतिक विजेतेपद मिळवलं आणि स्वप्निल कुसाळे यांनी २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचं कांस्य, ते याच काडतुसावर.

आणि कुठे परवानगीने २०० यार्डांची सुरक्षित रेंज मिळाली तर .२२ त्या अंतरावर ताशी १० मैलांत फूटभराहून थोडी जास्त वाहते, म्हणजे सहा-सात एमओए. क्रीडमूर १००० यार्डांवर सात एमओए. कोन सारखाच. दोनशे यार्डांवर स्वस्त गोळीत हजार यार्डांचा वारा शिकता येतो, हे मी पैजेवर सांगतो. मागे मातीचा बांध मात्र पक्का हवा, .२२ दगडावरून उसळून फार लांब जाते.

स्टिकलडाउन
ब्रिटनमधल्या वाचकांसाठी थोडक्यात. इथे फायरआर्म सर्टिफिकेटवर प्रत्येक कॅलिबर वेगळं नोंदवावं लागतं, म्हणून आधी पोलिसांकडे नोंद, मग नळी. बिस्लीच्या स्टिकलडाउन रेंजवर १२०० यार्ड मिळतात. तिथे .३०८ वाल्यांनी जड गोळीच न्यावी, १७५ ग्रेन शेवटच्या २०० यार्डांत आवाजाच्या वेगाखाली जाऊन भरकटते. एफ-टीआरला माझंही मत .३०८ च.

ग्रेन_मोजणारी
अमेरिकेत नुकतेच आलेले लोक हा धागा वाचत असतील, म्हणून एक महत्त्वाचं. एच-१बी किंवा एफ-१ सारख्या बिगर-स्थलांतरित व्हिसावर असाल तर फेडरल कायद्याने बंदूकच काय, काडतुसं बाळगणंही गुन्हा आहे. कायद्यातले अपवाद मोजके आहेत, राज्याचं वैध शिकार लायसन्स हा त्यातला नेहमीचा. रेंजवर मित्राची रायफल "जरा धरून बघणं" हेही यात येऊ शकतं. आधी वकिलाला विचारा, मग रेंजवर जा. ग्रीन कार्डवाल्यांना ही बंदी नाही.

वाटसरू_ॲरिझोना
ठरलं. .३०८, १:१०, ३० इंच, २०० ग्रेनची गोळी, लहान टोपीचं ब्रास आणि बारीक पिन, २० एमओएचा बेस. नळी सांगायला जाण्याआधी काही राहिलंय का?

नळीकर
एकच, पण तेच सगळ्यात जास्त विसरलं जातं. चेंबर कापणाऱ्याला नुसतं ".३०८ मॅच चेंबर" सांगू नका. साध्या चेंबरचा फ्रीबोअर (कोषाच्या तोंडापासून चऱ्यांपर्यंतचा मोकळा भाग) २०० ग्रेनच्या लांब गोळीसाठी आखूड पडतो. मग गोळी कोषात खोल जाते, दारूची जागा खाते आणि जड गोळीचा फायदा तिथेच हरवतो.

घरी एक डमी काडतूस बनवा: तुमचंच ब्रास, तुमचीच गोळी, दारू नाही, टोपी नाही. गोळीचा सरळ भाग संपून शेपूट सुरू होते ती जागा मान आणि खांद्याच्या सांध्याच्या जरा वर राहील अशी बसवा. वर "डमी" असं लिहून, मार्करने लांबी नोंदवून ते नळीबरोबर द्या आणि सांगा की थ्रोट यावर काप, गोळी चऱ्यांपासून ०.०१५ इंच मागे राहू दे. पुढे नळी झिजेल तशी गोळी पुढे सरकवायला मान पुरेशी शिल्लक राहते. मानेचा व्यासही त्याच डमीवरून मोजायला सांगा, भरलेल्या काडतुसापेक्षा ०.००३ ते ०.००४ इंच मोकळा.

दोन डमी द्या. एक त्याच्याकडे राहू दे, दुसरी नळीच्या नोंदवहीबरोबर जपून ठेवा. पुढची नळी त्याच मापाची लागेल.